गुहागर ते तवसाळ : एक दिवस, एक ओहोटी आणि करलातले शिंपले

सुरंगी

माघ वद्य द्वितीयेला आम्ही चौघांनी गुहागर तालुक्यात एक आख्खा दिवस काढला. मी, नवरा, पाचवीतला लेक आणि पंच्याहत्तरीचे माझे बाबा. पहाटे साडेपाचला मुक्कामावरून गाडी काढली, रात्री आठला परत आलो. दिवसभरात धनेश, डॉल्फिन, पाणमांजराचे ठसे, कासवाची पिल्लं असं पुष्कळ दिसलं. पण धागा काढतेय तो सकाळच्या पावणेदोन तासांसाठी. बाकीचं ओघाने येईलच.

तिथी मुद्दाम लिहिली, कारण सगळा बेत तिच्यावरच होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या माणसांचं जुनं गणित. द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, तर त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातला, ओहोटी. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे उधाणाचं पाणी; ते जितकं आत येतं तितकंच लांब हटतं. सकाळी ओहोटीला करल आणि दुपारी भरतीला हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या कातळातली अरुंद फट), हे दोन्ही उजेडात एकाच दिवशी बसवायचं तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवसच धरावे लागतात. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, ते फारसं चढतही नाही आणि हटतही नाही.

तर करल. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या किनाऱ्यावर काळा कातळ आणि जांभा हे दोन दगड सगळ्यांच्या ओळखीचे. करल हा तिसरा. पिवळट करडा, हाताला खरखरीत, जाड भाकऱ्या एकावर एक रचून समुद्राकडे कलत्या ठेवाव्यात तसे थर. लांबून ओल्या वाळूचा पट्टाच वाटतो. लेक त्यावरून पळत गेला आणि पाय रुतले नाहीत म्हणून थबकला. वाकून बघितलं तर त्याच्या पायाखाली शिंपलेच शिंपले. सुटे नाहीत, दगडात घट्ट बसलेले.

मी भिंग नेलं होतं. एक वीतभर तुकडा आम्ही कितीतरी वेळ बघत बसलो. वाळूच्या दाण्यांमध्ये काळ्या कातळाचे तिळाएवढे खडे. मग आपण खातो त्या तिसऱ्यांसारखे शिंपले, रेघा अजून मोजता येतील असे. एक शंख मधोमध कापल्यासारखा झिजलेला, त्याचा आतला जिना उघडा पडलेला. लेकाने मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने म्हणाला, "आई, हे सगळे पालथे का आहेत?" खरंच होतं. अर्धे, एकाच झडपेचे शिंपले जवळजवळ सगळे फुगीर बाजू वर करून बसलेले, ओट्यावर वाट्या पालथ्या घालाव्यात तसे. आणि हातभर अंतरावर एकच शिंपला असा, की त्याच्या दोन्ही झडपा मिटलेल्या.

बाबा तेव्हा थोडे मागे एका खडकावर बसले होते. गुडघ्यांमुळे ओल्या दगडावर त्यांना हाताला धरून न्यावं लागतं. लेकाचा प्रश्न ऐकून ते उठले, आमच्या दोघांच्या आधाराने तिथवर आले आणि खाली बसले. बसायला त्यांना किती त्रास होतो ते मला माहीत आहे. त्यांनी बोटाने त्या पालथ्या शिंपल्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाटेने आणलेले आहेत. लाट पोकळ बाजूला धरते आणि उलटवते. एकदा पालथा पडला की त्याला धरायला जागा उरत नाही, म्हणून तो तसाच राहतो." मग त्या मिटलेल्या शिंपल्यापाशी थांबले. "हा मात्र कुठून आलेला नाही. हा इथेच वाळूत राहत होता. जिवंतपणीच गाडला गेला."

बाबांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी खडकांचे प्रकार शिकवताना ते फळ्यावर एक वाक्य लिहीत : कोकणचा पाया अग्निजन्य खडकाचा, म्हणून येथे जीवाश्म आढळत नाहीत. मीही ते वहीत उतरवून घेतलेलं आहे. त्या सकाळी परत गाडीकडे येताना ते म्हणाले, "ते वाक्य अर्धंच होतं गं. कितीतरी मुलांना मी अर्धंच शिकवलं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. म्हणून जाणकारांना विचारते : करलातल्या या शिंपल्यांना जीवाश्म म्हणायचं का? आणि कोकणात आणखी कुठे काय आहे?

आता बाकीचा दिवस. करलाच्या कडेला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो तिथे ओल्या वाळूत पाणमांजराचे ताजे ठसे होते, पाच बोटं आणि मधलं कातडं स्पष्ट. शेजारी विष्ठा, तिच्यात खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे. प्राणी काही दिसला नाही.

नऊनंतर पाणी चढायला लागलं तसे निघालो. वेळणेश्वरच्या अलीकडे रस्त्यालगत एक मोठा उंबर फळला होता, त्यावर मलबारी कवड्या धनेशाची जोडी. गावात त्याला ककणेर म्हणतात. आधी पंखांचा आवाज आला, कोणीतरी सूप पाखडतंय असा. नर चोचीच्या टोकात उंबर धरायचा, हवेत उडवायचा आणि घशात घ्यायचा. गाडी बंद करून पाऊण तास तिथेच थांबलो.

बामणघळीला पावणेएकला पोचलो. दोन काळ्या भिंतींमधल्या अरुंद फटीत लाट शिरते, आतल्या टोकाला जाऊन आदळते आणि उभी वर येते. माघात समुद्र तसा शांत, तरी उधाणामुळे तुषार अंगावर आले. काठावर शेवाळ असतं, मुलांना हाताला धरूनच ठेवा.

तवसाळच्या धक्क्यावर जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघताना खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसले, तीन किंवा चार, पाठीवर उंचवटा असलेले. तिथेच खालच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. लेकाला डॉल्फिनपेक्षा त्याच जास्त आवडल्या. मासा असून चिखलावर चालतो, हे त्याला पटेचना. फेरीबोटीने पलीकडे जाऊन लगेच परत आलो.

संध्याकाळी गुहागरच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, वनखात्याच्या कासव संवर्धन केंद्रातून सदतीस पिल्लं समुद्रात सोडली. त्यावर वेगळं लिहायला हवं इतकं ते सुंदर होतं.

---

चालता_बोलता

ताई, फार छान लिहिलंय. बाबांचं वाक्य वाचून थांबलो. करलाची जागा नेमकी कुठे? आम्ही पुढच्या महिन्यात आईला घेऊन जातोय, तिला चालवेल का?

---

सुरंगी

धन्यवाद. गावाचं नाव मुद्दाम टाळलं आहे, राग मानू नका. त्या थरावर दोन ठिकाणी छिन्नीचे ताजे घाव होते. कोणीतरी शंख असलेला भाग फोडून नेलाय आणि उरलेला तडकवून ठेवलाय. इतकी वर्षं टिकलेलं ते दहा मिनिटांत गेलं. उघड धाग्यावर जागा लिहिली तर आणखी चार जण छिन्नी घेऊन जातील, अशी मला भीती वाटते. तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवते. आईंना चालवेल, पण हाताला धरून आणि अनवाणी नको. शिंपल्यांच्या कडा कापतात, रबरी तळव्याची चप्पल हवी.

---

भूस्तर

सुरंगी, प्रश्न नेमका विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो.

करल म्हणजे पुळणीची वाळूच, जागच्या जागी दगड झालेली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आलटून पालटून ओली आणि कोरडी होते. शिंपल्यांमधला चुना पाण्यात थोडा विरघळतो आणि पाणी सुकताना दाण्यांच्या फटीत परत स्फटिकरूपात बसतो. सिमेंटचं काम तोच करतो. थर समुद्राकडे कललेले दिसले म्हणता, तो उतार जुन्या पुळणीचा. ती पुळण जिथल्या तिथे गोठली आहे असं समजा.

आता जीवाश्म म्हणायचं का? ढोबळ रूढी अशी की दहा हजार वर्षांहून जुने ते जीवाश्म. आपल्या किनाऱ्यावरच्या करलाच्या ज्या भागांची वयं काढली गेली आहेत ती साधारण काही हजार वर्षांच्या आतली आहेत, म्हणून काटेकोरपणे ते उपजीवाश्म. शिवाय असा खडक फार लवकरही बनू शकतो. जगात काही किनाऱ्यांवर त्यात काचेच्या बाटल्यांचे तुकडे चिकटलेले सापडले आहेत. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वय सांगू नये, रेडिओकार्बन चाचणी करावी लागते. पण गाडलं जाणं, उलटलं जाणं, मिटलेल्या झडपा, हे सगळं वाचण्याची रीत कोट्यवधी वर्षांच्या जीवाश्मालाही तीच लागते. तुमच्या लेकाने आणि बाबांनी मिळून जे केलं ते भूशास्त्रच. पालथ्या शिंपल्यांची ही खूण आम्ही थर सुलटा आहे की उलटा हे ठरवायलाही वापरतो.

करलाचं दुसरं महत्त्व म्हणजे तो जुन्या समुद्रपातळीचा साक्षीदार. जिथे हा थर आजच्या भरतीच्या रेषेच्याही वर आढळतो, तिथे तो बनताना समुद्र थोडा वर होता किंवा नंतर जमीन वर आली, असा तर्क करता येतो. उरणच्या करलावर याच अंगाने १९९७ मध्ये शोधनिबंध आलेला आहे, वय आणि त्यातले जीव दोन्हींवर.

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाक्य काळ्या कातळापुरतं बहुतांशी बरोबरच आहे. वितळलेल्या लाव्ह्यात जीव कसा टिकणार? पण दख्खनचे लाव्हे एकामागून एक लगेच आले नाहीत. मध्ये मध्ये खंड पडला, तळी साचली, त्यात गाळ बसला, त्या गाळात जीव राहिले. शिवाय कातळाच्या वर आणि जांभ्याच्या खाली कोकणात आणखी एक पान आहे. ते लिग्नाइटचं, म्हणजे दबलेल्या लाकडाच्या तपकिरी कोळशाचं.

---

खाडीवाला

मी त्याच पट्ट्यातला. करल आमच्याकडे लहानपणापासून पायाखालचा. आमच्या जुन्या घराच्या जोत्यात चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या दगडाच्या, खाली करलाच्या लाद्या आहेत. आजोबा सांगायचे, खाऱ्या हवेला चिरा झिजतो पण करल झिजत नाही. आजीने त्या लाद्यांना कधी गिलावा करू दिला नाही, शिंपले दिसायला हवेत म्हणून. शंखशिंपले भाजून चुना काढायच्या भट्ट्याही तेव्हा होत्या.

एक सांगायचं होतं. तुम्ही माघात आलात म्हणून अर्धंच बघितलंत. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो आणि करल उघडा पडतो. मग दिवाळीनंतर वाळू हळूहळू परत येते, शिमग्यापर्यंत बराचसा थर झाकलेला असतो. नवरात्राच्या सुमारास आलात तर याच्या तिप्पट लांबीचा पट्टा दिसेल. तेव्हा उधाण मात्र जास्त असतं, कोणीतरी गावातला बरोबर घ्या.

छिन्नीचे घाव मीही बघितलेत. आम्ही गावातली पोरं आता त्या बाजूला लक्ष ठेवतो. नाव लिहिलं नाहीत ते चांगलं केलंत.

---

निवटी

कासवांबद्दल वेगळं लिहा, वाट बघतेय. तोवर थोडी भर.

तुम्ही बघितलीत ती ऑलिव्ह रिडलेची पिल्लं. मादी रात्री वर येते, वाळूत हातभर खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. म्हणून केंद्रात अंडी हलवताना खड्ड्याची खोली तीच ठेवायला जपतात. कोकणात हे काम आधी वेळासला उभं राहिलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे सुरुवात केली आणि गावच पुढे आलं. ज्या गावांमधून अंडी नेली जात, त्याच गावांमधले कासवमित्र आता पहाटे घरटी शोधत पुळण चालतात.

गुहागरची पुळण लांब आणि सलग, त्यामुळे तिथे घरटी भरपूर. २०२३ मध्ये गुहागरहून दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग लावले होते, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून पलीकडे बंगालच्या उपसागराकडे गेली. आणि त्याच्या उलट, २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी असा समज होता, तो त्या एका मादीने हलवला.

पिल्लं सोडताना टॉर्च आणि फ्लॅश लावू नका, हे सगळ्यांना परत परत सांगते. पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं. समुद्रावरचा उजेड त्याला पाण्याकडे नेतो, तुमचा मोबाइल त्याला परत किनाऱ्याकडे वळवतो.

धनेशाच्या जोडीबद्दल : माघ-फाल्गुन म्हणजे त्यांचं घरटं धरायचं तोंड. लवकरच मादी ढोलीत शिरून स्वतःला आतून लिंपून घेईल, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवेल, आणि नर तिला आणि पिल्लांना तिथून भरवेल. नर मेला तर आतल्या सगळ्यांवर संकट. म्हणून एखादा धनेश एकटाच वारंवार एका झाडावर येताना दिसला तर त्या झाडाखाली थांबू नका, लांबून बघा. ढोलीजोगे जुने सातवीण आणि बेहडे आता देवरायांपुरतेच उरलेत.

---

वाशिष्ठी

चिपळूणहून येणार असाल तर दिवसाच्या आधी अर्धा दिवस मालदोलीला द्या. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. गावात सुसर म्हणतात, पण असते ती मगर. इथेही ओहोटीचंच गणित. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात, आणि हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या उन्हाला त्या वर येऊन पडतात. गावातली माणसं होडीतून नेतात. आम्ही गेलो तेव्हा एक तोंड उघडून निश्चल होती. माझ्या मुलीला वाटलं मेलीय. नावाड्याने सांगितलं, अंग जास्त तापू नये म्हणून ती तोंड उघडं ठेवते.

---

चौथा_लोकल_डबा

मुंबई पण कोकणपट्टीतच येते म्हणून लिहितो. मी वरळीत वाढलो. भूस्तर म्हणाले ते लाव्ह्यांच्या मधलं तळं, त्याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण वरळीच्या टेकडीत होतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गाळाच्या खडकात बेडकांचे सांगाडे सापडले, बोटाच्या पेराएवढे. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पुढे त्या बेडकाला इंडोबॅट्रेकस नाव मिळालं. कासवाचे अवशेषही तिथलेच. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट. आज त्या टेकडीवर इमारती आहेत, बघायला काही नाही.

दुसरं, प्रिन्सेस डॉकचं जंगल. १८७८ च्या सुमारास गोदी खणताना समुद्राच्या चिखलाखाली शेकडो झाडांची खोडं मिळाली, त्यातली कितीतरी मुळांवर उभीच होती. बहुतेक खैर. म्हणजे पुढे जिथे जहाजं लागायची ती एकेकाळी कोरडी जमीन होती. ही खोडं दगड झालेली नव्हती, लाकूडच होतं, तेव्हा भूस्तर सर त्यांनाही उपजीवाश्मच म्हणतील. मी लहानपणी आजोबांचा हात धरून त्या बाजूला फिरायचो. पायाखाली जंगल उभं होतं हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

चालता_बोलता

मग कातळशिल्पं? रत्नागिरीच्या बाजूला जाणार असलो तर तीही यात धरायची का? तिथे गेंडा कोरलाय म्हणतात.

---

भूस्तर

ती जीवाश्म नाहीत, माणसाने जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, कोरलेली चित्रं आहेत. पण तुमच्या दिवसात ती शोभतील. कशेळीचा हत्ती बघाच, जवळजवळ अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेले. आज कोकणात नसलेला एकशिंगी गेंडा काही ठिकाणी ओळखू येतो. ज्यांनी कोरला त्यांनी तो कुठेतरी पाहिला असणार, म्हणून प्राण्यांच्या इतिहासालाही ही चित्रं उपयोगाची. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, हे सगळे सडे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. दुपारी बारा वाजता जाऊ नका, रेघा दिसत नाहीत. सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं. आणि सड्यावर बूट काढून चाला.

---

रहाट

मी रोज वाचतो पण लिहीत नाही. भूस्तर यांनी लिग्नाइट म्हटलं म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात. मी नववीत असताना वडिलांनी मागच्या आगरात विहीर खणायला घेतली. वरचा चिरा संपायला चाळीस फूट लागले. त्याखाली पांढरी शाडूसारखी माती आली, खणणाऱ्यांना वाटलं आता पाणी लागणार. तर त्याखाली निळा-काळा चिकट चिखल लागला. टोपली वर आली की गंधकासारखा वास यायचा, आई पदर नाकाला लावायची. आणि त्या चिखलात लाकूड. माझ्या मांडीएवढा ओंडका, काळा-तपकिरी, साल लागलेली. नखाने ओरखडलं तर आत पिंगट रेषा दिसायच्या, अगदी तंतू. काहींना वाटलं खाली मसण आहे, कोणीतरी जाळलेली लाकडं. दोन दिवस गडी कामावरच आले नाहीत. मग गावातले एक गुरुजी आले, त्यांनी ओंडका हातात घेऊन सांगितलं की हे जळलेलं नाही, दबलेलं आहे.

आम्ही ते तुकडे पडवीत घमेल्यात ठेवले. आठवड्याभरात वाळून तडे गेले, मग भुगा झाला. एक तुकडा मी काचेच्या बरणीत पाण्यात ठेवला होता. तो अजून आहे. पाणी दर महिन्याला बदलतो. मुलगी विचारते, बाबा, हे काय सांभाळता.

सर, तो किती जुना असेल?

---

भूस्तर

रहाट, तुम्ही बरणीत ठेवलात म्हणून तो टिकला. त्या चिखलातून बाहेर काढलेलं लिग्नाइट सुकलं की तडकतंच, आणि तो वास त्यातल्या गंधकयुक्त खनिजांचा.

जांभ्याखालचे हे थर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ठिकठिकाणी विहिरींमध्येच सापडले आहेत. बाहेर उघडे असे फार थोडे. म्हणून कोकणातल्या या जीवाश्मांचा शोध विहिरी खणणाऱ्यांनी लावला असं म्हणायला हरकत नाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी यातले परागकण अभ्यासले आणि थरांना सिंधुदुर्ग फॉर्मेशन असं नाव आलं. काळ मायोसीन, म्हणजे साधारण दोन कोटी तीस लाख ते त्रेपन्न लाख वर्षांच्या दरम्यानचा. तुमच्या बरणीत त्या काळातलं, माणूस येण्याच्या कितीतरी आधीचं झाड असण्याची दाट शक्यता आहे. वर जांभा बनताना पाणी सगळं धुऊन नेतं, म्हणून जांभ्यात असे अवशेष टिकत नाहीत. खालच्या चिखलात हवा पोचली नाही म्हणून ते राहिले.

हा जीवाश्मच. इथे उपजीवाश्म म्हणायची गरज नाही.

---

सुरंगी

हा धागा काल रात्री बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. रहाट यांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, लिहून घे. जसं सांगितलं तसं टाकते :

"भूस्तर सरांना सप्रेम नमस्कार. जांभ्याखाली लाकूड निघतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी शोधलंही नाही. माझे बरेच विद्यार्थी आज शिक्षक आहेत. त्यातल्या ज्यांचे पत्ते आहेत त्यांना मी पोस्टकार्डं लिहायला घेतली आहेत, अकरा झाली. त्यात वाक्य असं लिहितो : कोकणचा पाया अग्निजन्य खडकाचा, परंतु लाव्ह्यांच्या मधल्या गाळात, जांभ्याखालच्या चिखलात आणि किनाऱ्याच्या करलात जीवांचे अवशेष आढळतात. यात काही चूक असेल तर पुढची कार्डं लिहिण्याआधी कळवावं. रहाट यांना विनंती, आपली बरणी पाहायला आलो तर चालेल का? विहिरीत उतरणार नाही, गुडघे साथ देत नाहीत. काठावर बसेन."

---

भूस्तर

सरांना सांगा, चूक काही नाही. फक्त करलाच्या बाबतीत 'अलीकडच्या काळातील' एवढे शब्द घाला.

---

रहाट

गुरुजी, कधीही या. विहिरीला कठडा आहे, बसायला चिऱ्याची पायरी आहे, वर फणसाची सावली असते. बरणी काठावर आणून ठेवतो. उन्हात धरली की लाकडातल्या रेषा पाण्यातून स्पष्ट दिसतात. चैत्रात पाणी खाली गेलं की आतला पांढरा थरही वरून दिसतो, तेव्हा आलात तर दोन्ही बघून होईल. येताना नातवाचं भिंग आणा.